बिनगंधकाचा बेदाणा

२४ सप्टेंबर २०२४
मंगळवार

आप्पा,

'तीर्थरूप' लिहायला घेतलं होतं. पण पोलीस ठाण्याच्या पायरीवर मी तुम्हाला "आजपासून मला बाप नाही" असं म्हणालो होतो, ते आठवलं आणि खोडलं. नुसतं आप्पा ठेवलंय. तेही चालत नसेल तर पत्र आईकडं द्या आणि तुम्ही शेडकडं जा.

पाच महिने झाले, तुम्ही एकदाही आला नाहीत. आई दर मंगळवारी तासगावहून एसटीनं येते. शिपाई "धवल शांतिनाथ, मुलाखत" अशी हाक मारतो, तेव्हा आठवड्यातून एकदा तरी तुमचं नाव माझ्या नावाला चिकटलेलं ऐकायला मिळतं. काचेच्या पलीकडं ती, अलीकडं मी, दोघांच्या हातात फोन. वीस मिनिटांतली पंधरा ती मी काय खाल्लं ते विचारण्यात घालवते.

इथून पत्र चिकटवून पाठवता येत नाही. उघडंच पेटीत टाकायचं. साहेब वाचतात, शिक्का मारतात, मग ते पोस्टात जातं. त्यामुळं माझ्याकडून गुपितांची अपेक्षा ठेवू नका. तशी तुम्हाला कधीच नव्हती म्हणा.

तुम्हाला एक गोष्ट माहीत असावी असं वाटतं. मी सकाळच्या चहाआधीपासून पीत होतो. तुम्हाला फक्त संध्याकाळचं माहीत होतं, की सगळंच माहीत होतं, ते मला कधी कळलं नाही. इथं आलो आणि एकदम बंद. तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले. चौथ्या दिवशी भिंतीवरून बेदाणे चालायला लागले. पाऊस येतोय, बेदाण्याच्या रॅकवर कागद टाका, असं मी ओरडत होतो म्हणे. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन दोन दिवस खाटेला बांधून ठेवलं. शेजारच्या खाटेवर जतकडचा एक धनगर होता, गुंडा नावाचा. त्याची दारूही त्याच आठवड्यात तुटली होती. त्याला भिंतीवर मेंढरं दिसत होती. त्याची मेंढरं माझा बेदाणा खातात म्हणून आम्ही दोघं बांधलेल्या हातांनी भांडलो, असं कंपाउंडर अजून सगळ्यांना रंगवून सांगतो.

आता त्याचं अंथरूण माझ्या अंथरुणाला लागून आहे. प्यायल्यावर त्यानं बांधाच्या भांडणात चुलतभावाच्या डोक्यात काठी घातली. भाऊ वाचला, गुन्हा मात्र खुनाच्या प्रयत्नाचा लागला. बरा झाल्यावर त्याची बायको तानुबाई बिरोबाचा भंडारा घेऊन आली. शिपायानं पुडी हुंगून बघितली आणि आत सोडली. गुंडानं भंडारा कपाळाला लावला, मुठीत घेतला आणि पुन्हा दारूला शिवणार नाही अशी शपथ घेतली. धनगरात भंडारा उचलून घेतलेली शपथ मोडत नाहीत. माझीही दारू सुटलीय, पण माझ्या शपथेला देव लागला नाही. इथं मिळतच नाही.

दशलक्षण पर्वाचे दहा दिवस मी एकाशन केलं, दिवसातून एकदाच जेवलो. जैन म्हणून कोर्टानं घरच्या सुक्या मेव्याची परवानगी दिली, ती वकिलांनी फार मोठी लढाई जिंकल्यासारखी सांगितली. इथल्या भाजीत कांदा-लसूण असतो म्हणून पर्व संपल्यावरही साहेबांनी दर मंगळवारी एक किलो बेदाणा आत येऊ दिला. वर्षभर पिणारं पोरगं जेलात व्रत पाळतंय, याचा आईला केवढा अभिमान वाटतो, ते काचेतूनसुद्धा दिसतं. मी ते खरंच पाळलं, आप्पा. एवढं एक खरं आहे.

आई राहीबाईच्या घरी जाऊन येते असं कळलं. बारा वर्षं आपल्या शेडमध्ये बेदाणा निवडणारी बाई आपल्याच पिकअपखाली आली, चांगल्या उजेडात, संध्याकाळी पाचला. गाडी मी चालवत होतो. यापुढं लिहायला मला अजून येत नाही.

एक मागणं आहे. बेदाण्याला गंधकाचा वास येतो आणि त्यानं माझा घसा धरतो. येत्या हंगामात एखादी रॅक गंधकाची धुरी न देता ठेवता आली तर बघा. रंग काळपट येईल, सौद्यात कुणी हातात घेणार नाही. मला चालेल.

धवल


१८ मार्च २०२५
मंगळवार

आप्पा,

काळा बेदाणा मिळाला.

आईनं सगळं सांगितलं. शेडच्या उत्तरेच्या कोपऱ्यात तुम्ही वेगळी रॅक लावलीत, तिला धुरी दिली नाहीत, आणि चष्मा लावून एकेका मण्याचं देठ स्वतः काढलंत. बायका मदतीला आल्या तर त्यांना लांब केलंत. माझ्या तीन पत्रांना तुमचं उत्तर आलं नव्हतं. ही पिशवी हातात आली आणि मी खाली बसलो. शिपायानं विचारलं, काय झालं. घरून पत्र आलंय, म्हणालो. तो पिशवीत पत्र शोधत बसला.

गोड आहे. आपल्या हिरव्या मालापेक्षा गोड. तुम्ही आयुष्यभर बाजारासाठी पिवळा-हिरवा रंग सांभाळलात, आणि खरी चव या काळ्यात होती, हे मला जेलात कळावं!

एकटा खात नाही, काळजी नको. बराकीत वाटतो. गुंडाला तर रोज बेदाण्याचं पाणी देतो. सकाळी बेदाणा भिजत घालायचा आणि पाणी गाळून प्यायचं. आमच्यात बाळंतिणीला देतात असं सांगितल्यावर तो लाजला, पण पितो. गाल भरलेत त्याचे. तानुबाई महिन्यातून एकदा येते. जतच्याही पलीकडं तिचं गाव, दोन एसट्या बदलून यावं लागतं. तिला तो माझ्याबद्दल काय काय सांगतो कोण जाणे, परवा तिनं काचेतूनच मला हात जोडले. मी दुसरीकडं बघितलं. बायामाणसांनी पाया पडावं असा मी कधी नव्हतो.

गुंडाचा जामीन पुढच्या महिन्यात होईल असं दिसतंय. अकरा महिने कोरडा राहिला हा माणूस. बराकीत त्याला सगळे 'भगत' म्हणतात.

साहेबांना विचारून एक किलोऐवजी दोन किलो पाठवता आला तर बघा. वाटायला पुरत नाही. घरचं अन्न म्हटल्यावर साहेब नाही म्हणायचे नाहीत. अक्षर वाकडं आलं असेल. मांडीवर ठेवून लिहितोय.

तुमचा, तुम्हाला चालत असेल तर,
धवल


२२ एप्रिल २०२५
मंगळवार

आप्पा,

आईनं तुम्हाला सांगितलंच असेल. तरी मला ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि इथं ज्याला सांगावं तो गेला.

मागच्या मंगळवारी गुंडा जामिनावर सुटला. तानुबाई आदल्या रात्रीपासून स्टँडवर बसून होती. सकाळी फाटकासमोरच्या बाकावर आली, तिथंच मुलाखतीसाठी आलेली आईही होती. दोघी बोलल्या. तानुबाईनं त्याच्यासाठी पांढरा नवा पटका आणला होता, आणि पदराच्या टोकाला गाठीत भंडारा. बाहेर पडल्या पडल्या मालकाच्या कपाळाला लावायचा आणि थेट बिरोबाला जायचं, असं तिचं ठरलं होतं. आईला ती म्हणाली होती, "आक्का, अकरा म्हैनं त्यानं सपत पाळली. आता म्या त्येला कवा टाकून बोलनार न्हाई."

फाटक उघडलं. गुंडा बाहेर आला. तिनं गाठ सोडली, चिमूट घेतली, हात त्याच्या कपाळापर्यंत नेला आणि तिथंच थांबली. वास आला तिला. चिमूट परत पदरात टाकली, गाठ मारली, पटका काखेत धरला आणि स्टँडकडं चालायला लागली. गुंडा तिच्या मागं गेला नाही. तो तसाच उभा राहिला, आणि मग उलट्या बाजूला निघून गेला.

त्यानंतर आई मुलाखतीला आत आली. फोन उचलल्यावर तिनं त्या दिवशी मी काय खाल्लं ते विचारलं नाही. विचारलं, "आत त्याला कोन देतं रं?" मी म्हणालो, कोण जाणे. इथं शंभर वाटा असतात.

शनिवारी तो स्टँडामागं मेलेला सापडला. चार दिवस पोटात अन्न नव्हतं, नुसती दारू होती, असं शिपाई म्हणाला. ऊन तर तुम्हाला माहीतच आहे.

साहेबांनी सगळ्या बराकींची झडती घेतली. माझी पिशवी उघडून हुंगली आणि परत दिली. बेदाणाच तो. बाकी आमच्याकडं काही सापडलं नाही.

चुलतभावकीनं तानुबाईला दारात उभं केलं नाही, आणि आई तिला तासगावला घेऊन आली, हे आजच कळलं. चांगलं केलं. आई तसंच करणार. शेडमध्ये राहीबाईच्या जागेवर ती निवडायला बसते, असंही आई म्हणाली. ती जागा वर्षभर कुणाला दिली नव्हती ना तुम्ही?

या आठवड्यात बेदाणा नको. नाही, असू दे. पाठवा.

धवल


५ ऑगस्ट २०२५
मंगळवार

आप्पा,

हे पत्र आईसमोर आणि तानुबाईसमोर मोठ्यानं वाचा. तानुबाईला वाचता येत नाही म्हणून तुम्हाला सांगतोय. आधी एकटे वाचलंत तर तुम्ही ते खिशात ठेवाल, म्हणून वाचायच्या आधीच त्यांना हाक मारा.

आज आई आली होती. पिशवी शिपायाकडं देताना खूश होती. वीस तारखेला माझ्या जामिनाची सुनावणी आहे. वर्तणूक चांगली असल्याचं जेलचं पत्र मिळालं तर या खेपेला सुटशील, असं वकील म्हणालेत. ते पत्र तयार आहे, सहीला गेलंय. मग आईनं सांगितलं, आजचा बेदाणा तानुबाईनं निवडलाय. तुम्ही कुणाला हात लावू देत नव्हता, पण तिनं मागून घेतला. आणि तिनं मला निरोप दिलाय. आईनं तो तिच्याच शब्दांत सांगितला. "तुमच्या लेकानं माज्या मालकाला आत भावावानी संबाळलं. त्येला म्हनावं, तुजं लय उपकार हायत."

मी फोन ठेवून दिला. वीस मिनिटं झाली नव्हती.

आता नीट सांगतो. गुंडाला दारू मी दिली. ती मीच करत होतो, तुम्ही पाठवलेल्या बेदाण्याची.

आईनं आम्हाला लहानपणापासून शिकवलंय, की भिजवलेल्या पदार्थाला मर्यादा असते. रात्र ओलांडली की त्यात जीव पडतात, ते अभक्ष्य. बेदाण्याच्या पाण्यावर दुसऱ्या दिवशी बारीक फेस येतो, तो मी आठ वर्षांचा असताना आईनंच दाखवला होता आणि भांडं राखेनं घासायला लावलं होतं. जैनाच्या घरात न जन्मलेल्या माणसाला हे इतकं नेमकं कळलं नसतं. गेल्या वर्षीचं पर्व संपलं त्याच आठवड्यात मी पहिली बाटली लावली. दहा दिवस एकाशन केलं, अकराव्या दिवशी हे. पण गंधकाची धुरी दिलेला माल चढत नाही. पाच-पाच दिवस ठेवला तरी नुसता गोड राहतो. म्हणून तुम्हाला घशाची थाप मारली. माझ्या घशाला काही झालं नव्हतं.

तुम्ही रॅक लावलीत. चष्मा लावून देठं काढलीत. ती पिशवी घेऊन मी रडलो, ते खोटं नव्हतं. रडलो आणि त्याच दिवशी भिजत घातला.

गुंडाला का दिली, हे मी चार महिने स्वतःला विचारतोय. वाटून घ्यायची म्हणून नाही, मला एकट्यालाच पुरत नव्हती. पण तो शेजारी झोपायचा. सकाळी उठून कपाळाला भंडाऱ्याचं बोट लावायचा आणि माझ्याकडं बघून हसायचा. माझ्या तोंडाला वास यायचा तो त्याला कळत नव्हता, की कळूनही तो काही बोलत नव्हता, माहीत नाही. त्याचं ते कोरडं राहणं मला बघवेना. एवढंच कारण आहे. दुसरं शोधून बघितलं, सापडलं नाही.

पहिले आठ दिवस खरंच साधं पाणी दिलं, सकाळचं सकाळी. मग आदल्या दिवशीचं द्यायला लागलो. मग चार दिवसांचं. त्याला वाटलं, बेदाणा जरा आंबट लागतोय. ज्याच्या घरी कांदासुद्धा खात नाहीत त्या माणसानं दिलेल्या पेल्यावर कोण शंका घेईल? मार्चच्या शेवटी एका सकाळी हौदावर अंघोळ करताना त्यानं मला धरलं. आवाज चढवला नाही.

"धवलअण्णा, ह्ये पानी न्हवं."

मी म्हणालो, मग पितोस कशाला?

"आता सुटंना," म्हणाला, आणि तिथंच ओल्या फरशीवर बसून तो रडला. त्या दिवसापासून त्यानं कपाळाला भंडारा लावला नाही. पुडी माझ्याकडं ठेवायला दिली. माझा हात बाटतो, म्हणाला.

सुटायच्या सकाळी त्याचा हात थरथरत होता. मी पेला भरला. तो म्हणाला, आज नको, तानी वास घेईल. मी म्हणालो, बेदाण्याचा कसला वास येतोय? कुणाला कळत नाही.

तानुबाई, हे मी म्हणालो. तो नको म्हणाला होता. अकरा महिने त्यानं शपथ पाळली होती असं तुम्हाला वाटत होतं. शेवटचा महिना-दीड महिना सोडला तर ते खरं होतं, आणि ती त्यानं मोडली नाही. ती मी मोडली. फाटकावर तुम्ही हात मागं घेतलात ते बरोबरच होतं, पण तो हात माझ्यावरून मागं घ्यायचा होता, त्याच्यावरून नाही.

तो मेल्याचं कळलं त्या संध्याकाळीही मी प्यालो. त्यानंतर रोज. आई तुम्हाला सांगत असेल की पोराच्या तोंडावर तेज आलंय. ते तेज दारूचं आहे.

आप्पा, हे पत्र वकिलांच्या हाती देता आलं असतं. त्यांनी ते जामिनानंतर तुम्हाला दिलं असतं आणि तोवर मी घरी असतो. तसा विचार केला. दुपारभर केला. शेवटी पेटीतच टाकतोय.

साहेब, तुम्ही हे आधी वाचाल. एक बाटली हौदामागच्या नळाच्या खड्ड्यात विटेखाली आहे, दुसरी माझ्या अंथरुणाच्या शिवणीत होती, ती आता रिकामी आहे. झडतीला आलेल्या शिपायाची चूक नाही. बेदाणा हुंगून कुणाला काय कळणार? वर्तणुकीच्या पत्रावर सही झाली नसेल तर करू नका. हे पत्र मात्र अडवू नका, एवढी विनंती आहे. वाटल्यास शिक्का दोनदा मारा.

आप्पा, आईला एकदम कळू दे. तुकड्यातुकड्यानं सांगू नका. आणि ती रॅक काढून टाका. हात थरथरायला लागायच्या आत हे संपवतोय, आता परत तो चौथा दिवस यायचाय.

धवल


९ सप्टेंबर २०२५
मंगळवार

आप्पा,

जामीन नाकारला, ते तुम्हाला वकिलांकडून कळलं असेल. महिनाभर मुलाखत बंद होती. आज पहिली होती. त्या आधीचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. खाट तीच होती, डॉक्टर तेच. शेजारची खाट मोकळी होती आणि भिंतीवर या खेपेला काहीच चाललं नाही. मी वाट बघत होतो, मेंढरं तरी येतील म्हणून. आज पस्तिसावा दिवस आहे. मोजतोय असं नाही, कंपाउंडर येता-जाता सांगतो.

आई एकटीच आली. हातात काही नव्हतं. तिला रिकाम्या हातानं मी कधी बघितलेलं नाही, बस्तीत देवदर्शनाला जातानासुद्धा तिच्या हातात तांदळाची डबी असते. खुर्चीत बसली आणि तिनं फोन कानाला लावला.

मग तिनं सगळं सांगितलं, एका सुरात. तुम्ही दोघींना शेडमध्ये बोलावलंत आणि उभ्यानं पत्र वाचलंत. तुमचा आवाज एकदाही अडला नाही. वाचून झाल्यावर तानुबाई उठली, नळावर हात धुतले, कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा धुतले, आणि गाठोडं घेऊन निघाली. आई रस्त्यापर्यंत मागं गेली. आठवड्याची मजुरी पुढं केली, ती तिनं घेतली नाही. त्यानंतर दशलक्षण लागलं आणि आईनं दहाही दिवस कडक उपवास धरले, नुसत्या पाण्यावर. या वयात. तुम्ही ओरडला असाल. ऐकलं नसेल तिनं.

काल क्षमावणी होती. आई उपवास सोडून, भाताचे चार घास खाऊन, सकाळच्या एसटीनं जतच्या पुढं तानुबाईच्या भावाच्या वस्तीवर गेली. तुम्हीही बरोबर गेलात आणि बांधावर उभे राहिलात, हे तिनं नंतर सांगितलं. आईनं दारातच हात जोडले. आपण वर्षातून एकदा सगळ्यांची क्षमा मागतो, जाणता-अजाणता दुखावलं असेल तर माफ करा म्हणतो. म्हणताना पुढच्या माणसाकडं बघतसुद्धा नाही, इतकी सवय झालेली असते. आई म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा ते शब्द घशाबाहेर काढताना त्रास झाला. तानुबाईनं तिचे हात धरून खाली घेतले.

"आवं आई, तुमी न्हाई. तुमास्नी काय ठावं? तुमी पोटच्या पोराला खायाला दिलंसा."

चहा केला. मेंढीच्या दुधाचा चहा आईनं घेतला, कधी घेतला नव्हता तो. माझं नाव दोघींपैकी कुणीच काढलं नाही. काढलं असतं तर आईला तिथं बसता आलं नसतं, हे मला कळतं.

एवढं सांगून झाल्यावर शिपायानं पाच मिनिटं राहिल्याचं सांगितलं. मी फोन खांद्याला धरला आणि काचेवर दोन्ही हात जोडले. मला क्षमा मागायचीच होती. पत्रात मुद्दाम मागितली नव्हती, कागदावर मागणं फार सोपं असतं म्हणून. म्हणालो, आई, क्षमा कर.

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मग म्हणाली, "काल परत आल्यावर बस्तीत बसून सगळ्यांची नावं घेतली. गेलेल्या मान्सांची घेतली. राहीची घेतली, गुंडाची घेतली. चुलीत जळालेल्या किड्यामुंग्यांची मागितली. तुजं नाव आलं आनि जीभ उचलंना रं. लय येळ बसले. पुजारी दिवा मालवायला आला तरी बसले होते. न्हाई उचलली."

आणि तिचं तोंड असं झालं, की तिनंच माझा काही तरी मोठा अपराध केलाय. मला वाटलं काच फोडावी. क्षमा न केल्याचं पाप तिला लागेल, या भीतीनं ती माझ्याकडं बघत होती. मला माफ करणं तिला जमत नाही म्हणून माझी आई माझ्यापुढं ओशाळली होती.

वेळ संपली. फोन बंद झाला. ती उठली, दारापर्यंत गेली, परत आली, काचेवर बोट ठेवून काही तरी बोलली. ऐकू आलं नाही. ओठांवरून वाटलं, जेवलास का. नक्की माहीत नाही.

आप्पा, तुम्ही या पत्राचं उत्तर देऊ नका. मला भेटायलाही येऊ नका, मन नसेल तर. एकच काम करा. हे पत्र पोचेल तेव्हाही ती नीट जेवत नसेल, तिला बळंच जेवायला बसवा, आणि जेवताना सांगा की पोरगं म्हणालं, घाई करू नको. या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षीही जीभ उचलली नाही तर राहू दे. तिला पाप लागत नाही म्हणावं, मी विचारून ठेवलंय. मी कुठं जात नाही.

धवल